न वाचलेलं: एक

सोमवार, ३ जुलै

आज मुख्याध्यापक सरांनी खोलीत बोलावलं. मला वाटलं, गेल्या आठवड्यात नकाशांचं कपाट माझ्याकडून उघडं राहिलं त्याबद्दल असेल. जिना चढताना माफीचं वाक्य जुळवलं आणि आत शिरल्या शिरल्या म्हणून टाकलं. सर म्हणाले, "कुठलं कपाट?" म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. आता माहीत झालं.

काम निराळंच होतं. आमच्या संस्थेच्या अकरा शाळा, म्हणजे अकरा ग्रंथपाल. संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं असं की ग्रंथपाल फक्त आपल्या चार भिंतींत वाचतात, बाहेर बाकीचे ग्रंथपाल काय लिहितात ते त्यांना कळत नाही. तेव्हा सगळ्यांसाठी एकच फीड रीडर निवडायचा आणि शाळेच्या ग्रंथपालाला उपयोगी पडतील असे दहा ब्लॉग निवडायचे. बावीस सप्टेंबरच्या सभेत ते मांडायचं. आणि ते मी करायचं.

"ग्रंथपाल बाई तीस सप्टेंबरला निवृत्त होतायत," सर म्हणाले. "त्यांच्या जागी कोण, हे त्याच सभेत ठरेल. तू त्यांची मदतनीस, तीही तात्पुरती. हे नीट जमलं तर तुझं नाव घ्यायला मला तोंड राहील. फीड रीडर म्हणजे काय, माहीत आहे ना?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं. इथे लिहून ठेवते.

बुधवार, ५ जुलै

कळलं. आपण ब्लॉगांची एक यादी करून द्यायची. त्यांतल्या कशावरही नवीन काही लिहून आलं की फीड रीडर ते आपण होऊन आणून आपल्यासमोर ठेवतो. रोज पन्नास दारं वाजवत फिरायला नको. आपण वाचलं की ते फिकट होतं. वर आकडा असतो, किती वाचायचं राहिलं त्याचा.

आईला सांगितलं. आमच्या घरात पुढच्या खोलीत आईचं इस्त्रीचं टेबल आहे, सगळ्या गल्लीचे कपडे येतात. तिला अक्षर येत नाही. गाठोड्यावर प्रत्येक घराची वेगळी गाठ मारते आणि त्या गाठीवरून ओळखते. आजवर एकाचा सदरा दुसऱ्याकडे गेलेला नाही. ती म्हणाली, "म्हणजे घरोघर जायचं नाही. गाठोडी आपल्या टेबलावर येणार."

"हो, तसंच."

"मग बरं आहे की. एवढं तोंड का पाडलंयस?"

मी म्हटलं, नीट जमलं नाही तर नोकरी जाईल. ती म्हणाली, "नोकरी जाईल तेव्हा रड. आत्ता ती चादर धर दुसऱ्या टोकाला."

शुक्रवार, ७ जुलै

हे काम सरांनी बाईंना का दिलं नाही, ते आज बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मला त्या संगणकातलं काही कळत नाही गं." शिपाईमामा कोपऱ्यात खुर्च्या लावत होते, त्यांना ठसका लागला.

बाई बत्तीस वर्षं इथे ग्रंथपाल आहेत. त्या मला मुंगी म्हणतात, कारण मी एकेक कण वाहून नेते म्हणे. त्यांच्या डोळ्यांना दोन वर्षं झाली, मधलं नीट दिसत नाही. कडेचं दिसतं. म्हणून त्या माणसाकडे जरा तिरकं बघतात, आणि नवीन मुलांना वाटतं की बाई संशय घेतायत. वाचायला त्यांच्याकडे हाताएवढं भिंग आहे.

त्यांचं सकाळचं टेबल बघण्यासारखं असतं. सहा वर्तमानपत्रं, आठवड्याला चार-पाच मासिकं, प्रकाशकांच्या याद्या. बाई भिंगाने मथळा बघतात आणि मला म्हणतात, "पहिली ओळ वाच." मी वाचते. "शेवटची." वाचते. मग "ठेव" किंवा "जाऊ दे". ठेवलेल्यावर लाल पेन्सिलीची खूण, की लगेच कात्री. पंधरा मिनिटांत टेबल साफ. कात्रण भूगोलाच्या वहीत जाणार की सूचनाफलकावर की सातवीच्या अमुक मुलीला द्यायचं, तेही तेवढ्यातच ठरलेलं असतं. कात्री चालवताना त्या बघतसुद्धा नाहीत, बोटांनी कागदाची कड धरतात आणि कात्री सरळ जाते. मी भिंग न घेता, दोन धडधाकट डोळ्यांनी कापते, तरी वाकडं जातं.

त्यांच्या खणात पत्र्याचा एक डबा आहे. आत केसांच्या पिना, तिकिटं, पेन्सिलीची सालं, एक वाळलेलं पान. कचरा समजून टाकू का विचारलं, तर असं बघितलं माझ्याकडे! आणि या वेळी तिरकं नव्हतं ते.

मंगळवार, ११ जुलै

तीन फीड रीडर वापरून बघितले. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून मी त्यांना थोरला, मधला, धाकटा म्हणते.

थोरला दिसायला देखणा आहे. मोठाली चित्रं, मासिकासारखी पानं. पण तो स्वतःच ठरवतो की मला काय आवडेल, आणि ते वर घालतो. मी एकदा चुकून मांजराच्या चित्रावर बोट ठेवलं, तर आज सकाळी पहिली चार पानं मांजरं.

मधला प्रामाणिक आहे, पण तो एकाच संगणकात बसवावा लागतो. ग्रंथालयातला संगणक बंद पडला की सगळं संपलं. तो तर आठवड्यातून दोनदा बंद पडतोच.

धाकटा अगदी साधा. डावीकडे ब्लॉगांची नावं, उजवीकडे लेख, आधी आलेलं आणि नंतर आलेलं, बस्स. फोनवर चालतो, संगणकावर चालतो. कप्पे करता येतात. सगळ्या यादीची एक फाईल काढून दुसऱ्याला देता येते, म्हणजे अकरा शाळांना अकरा वेळा तेच टंकत बसायला नको. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि एक बटण दाबलं की मजकूर वाचूनही दाखवतो. बटण दाबून मी आईला ऐकवलं. ती इस्त्री थांबवून म्हणाली, "कोण गं ही? सर्दी झालीय का तिला?"

धाकटा बरा वाटतो. पण घाई नको.

सोमवार, १७ जुलै

चौसष्ट ब्लॉग यादीत घातले. दहा निवडायचे म्हणजे आधी सगळे वाचायला हवेत. न वाचलेले: ४१२.

गुरुवार, २७ जुलै

न वाचलेले: १,८४७.

रोज सकाळी लवकर उठून वाचते, डबा खाताना वाचते. मी वीस वाचते तोवर तीस येतात. एक बाई पुस्तकांच्या जिल्द-दुरुस्तीवर लिहिते, तिचे एकटीचेच दोनशे लेख आहेत आणि सगळे चांगले आहेत, हेच तर वाईट आहे.

धाकट्यात एक बटण आहे: "सर्व वाचले अशी खूण करा." दाबलं की आकडा शून्य. आज तीनदा बोट तिथे नेलं. पण मी ते वाचलेलं नाही. न वाचता वाचलं म्हणायचं, हे मला जमत नाही. आमच्या घरात वाचता येणारी मी पहिली. लहानपणी शेजारपाजारचे लोक पत्रं घेऊन माझ्याकडे यायचे, आणि एकदा एका आजोबांच्या लांबलचक पत्रातला मधला कागद मी कंटाळून गाळला. त्यांना काय कळणार होतं! ते हसून, डोक्यावर हात ठेवून गेले. तो कागद मला अजून वाचायचा राहिलाय.

शनिवार, २९ जुलै

आज बाई रागावल्या. आवाज चढवत नाहीत त्या, उलट उतरवतात.

परत आलेल्या पुस्तकांचा ढीग तीन दिवस टेबलावर तसाच होता. पाचवीतली एक मुलगी, ज्या पुस्तकासाठी नंबर लावून बसली होती ते मागायला आली. मी संगणकातून मान न उचलता "अजून परत आलं नाही" असं सांगितलं. पुस्तक माझ्या कोपराखाली होतं. ती गेल्यावर बाईंनी ते ढिगातून अचूक बाहेर काढलं. पाठ चाचपून, हातानेच.

"हिचा सोमवारपर्यंतचा वेळ तू कुणाला दिलास?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. आकडा, बटण, खोटेपणा. हेही म्हटलं की मला हे काम झेपत नाही, तर मी सरांना तसं कळवते. बाईंनी आजची वर्तमानपत्रं माझ्यापुढे सरकवली.

"रोज सकाळी आपण हे काय करतो?"

"कात्रणं काढतो."

"आणि बाकीचं?"

"रद्दीत."

"मग मी बत्तीस वर्षं खोटं बोलतेय का? सहा वर्तमानपत्रं काय अथपासून इतिपर्यंत वाचली मी? मुंगे, वाहून नेण्याचं काम नाहीये हे. बघून सोडून देण्याचं आहे. मुलांच्या वतीने तू जे सोडतेस ना, त्याचा पगार मिळतो तुला."

मी म्हटलं, "पण सोडलेल्यात काही चांगलं असलं तर?"

"असणारच," बाई म्हणाल्या. "त्याची हळहळ वाटू दे. ती वाटेनाशी झाली की समज, आपण बिघडलो."

त्या पाचवीतल्या मुलीच्या घरी जाऊन पुस्तक देऊन आले. दोन मैल चालावं लागलं. तिने दारातच उघडलं आणि मला "या" म्हणायचंही विसरली.

सोमवार, ३१ जुलै

एक हजार नऊशे दोन मथळे बघितले. नुसते मथळे, अडलं तर पहिली ओळ, शेवटची ओळ. बाई शेजारी बसून "जाऊ दे, जाऊ दे, ठेव" म्हणत होत्या. अख्खी दुपार गेली. मग मी बटण दाबलं.

मी ते बघितलं. वाचलं नाही. यंत्र त्याला काहीही म्हणो. इथे खरी नोंद ठेवली आहे.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज एक ब्लॉग सापडला. "मागचं कपाट". लिहिणारीचं नाव नाही, खाली फक्त "एक ग्रंथपाल". लेख आखूड, दहा-बारा ओळींचे. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरनंतर नवीन काही नाही. उभ्या उभ्या वाचायला लागले आणि घंटा कधी झाली ते कळलं नाही. एक इथे उतरवून घेते:

"पुस्तक परत आलं की खुणेची चिठ्ठी लावण्याआधी ते उलटं धरून हलकेच झटकावं. काहीतरी पडतं. पिन, तिकीट, पेन्सिलीचं साल. ते टाकू नये. मूल कुठल्या पानाशी थांबलं होतं, ते त्या वस्तूला माहीत असतं. पुढच्या वेळी ते मूल आलं की त्या पानापाशी काय होतं, एवढंच विचारावं. पुस्तक आवडलं का, असं विचारू नये. मुलं खोटं बोलतात, आणि ते खोटं आपण शिकवलेलं असतं."

असं कुणी लिहिलेलं मी याआधी वाचलं नव्हतं. आमच्या बाईही अशाच वस्तू डब्यात ठेवतात. चांगले ग्रंथपाल सगळीकडे सारखेच असावेत.

दुपारी बाईंना वाचून दाखवलं. त्या खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. एका ठिकाणी माझी जीभ अडखळली, तर पुढचा शब्द त्यांनीच सांगितला. बत्तीस वर्षांच्या अनुभवाने माणसाला किती कळतं!

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं आहे," म्हणाल्या. "जरा जास्तच शहाणपणा शिकवते बाई."

मला राग आला. बाईंचा मला राग येऊ शकतो, हे आज कळलं.

बुधवार, ९ ऑगस्ट

यादी जवळजवळ ठरली. जिल्द-दुरुस्तीवाली आहेच. एकजण मुलांच्या पुस्तकांबद्दल लिहितो, आणि वर्गात मोठ्याने वाचताना मुलांनी कुठल्या पानावर जांभई दिली तेही देतो. एकीला चालता येत नाही, तिने चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल अशा उंचीचं ग्रंथालय कसं लावलं ते लिहिलंय. ते वाचून मी आमची खालची फळी मोजली. घ्यावा की नाही ते अजून ठरत नाही अशा एकाच्या ब्लॉगवर फक्त मुलांनी विचारलेले प्रश्न आहेत: "निळं पुस्तक आहे का? गेल्या वर्षी इथे होतं." ही माणसं दिवसभर आमच्यासारखंच काम करतात आणि उरलेल्या वेळात, कुणी मागितलेलं नसताना, हे लिहून ठेवतात. दुसऱ्याला उपयोगी पडेल म्हणून. वाचताना मला सारखं उठून उभं राहावंसं वाटतं.

सगळ्यांना ई-मेलने पत्र पाठवलं की तुमचा ब्लॉग आमच्या यादीत घेऊ का. बाई म्हणाल्या, "अगं, ब्लॉग आहे तो. रस्त्यावरचा दिवा वापरायला परवानगी मागतेस?" पण न विचारता घेणं मला बरं वाटत नाही. "मागचं कपाट"ला सगळ्यात लांब पत्र लिहिलं, दीड पान. शेवटी असंही लिहिलं: तुम्ही लिहिणं थांबवलंत, पण मी रोज सकाळी बघते.

शिपाईमामा आज म्हणत होते की डोळे जायच्या आधी बाई शाळा सुटल्यावर तास-तासभर संगणकावर असायच्या. "मी किल्ल्या घेऊन दारात उभा. आवरा म्हटलं की म्हणायच्या, एक ओळ राहिलीय." पुस्तकांच्या नोंदी करत असणार. त्या तरी किती होत्या, साडेनऊ हजार.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

नऊजणांची उत्तरं आली. जांभईवाल्याने लिहिलंय, "माझे वाचक चार होते, त्यांतली एक आई. आता पंधरा होणार म्हणून नवीन सदरा शिवायला टाकलाय." "मागचं कपाट"कडून काही नाही.

बाईंनी आज माझी लाज राखली. मला एक ब्लॉग फार आवडला होता, रोज एका पुस्तकाची ओळख, सुबक आणि नेमकी. बाईंना सात लेख वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "आता प्रत्येकाच्या शेवटी प्रकाशकाचं नाव काय आहे ते वाच." सातही एकाच प्रकाशकाचे. "आणि एकाही पुस्तकात एकही खोट नाही. असं कसं होईल? माझ्या स्वतःच्या नातवात मला सहा दिसतात."

तो काढला. त्याच्या जागी प्रश्नवाला.

बुधवार, ३० ऑगस्ट

संस्थेच्या मोठ्या शाळेतले ग्रंथपाल आले होते. त्यांना बाई मागे "अपडेट सर" म्हणतात, कारण त्यांच्या दर वाक्यात तो शब्द असतो. हुशार आहेत. बाईंच्या जागेसाठी त्यांचंही नाव आहे, हे त्यांनीच हसत सांगितलं. त्यांना थोरला रीडर आवडतो.

माझी यादी त्यांनी भराभर बघितली. "छान. पण हा एक काढ. दोन वर्षांत एकही अपडेट नाही. सभेत पहिला प्रश्न येईल की मेलेला ब्लॉग यादीत कशाला. नियमच करून टाक, सहा महिन्यांत काही आलं नसेल तर बाद."

ते चांगल्यासाठीच सांगत होते. ते गेल्यावर मी बाईंना विचारलं.

"काढून टाक," बाई म्हणाल्या.

"पण बाई..."

"बरोबर बोलला तो. जे बंद पडलं ते बंद पडलं. त्यापायी तुझी नोकरी घालवू नकोस. पाठ झाल्यात तुला त्या ओळी, पुरे झालं."

"तुम्हाला तो आवडलाच नाही पहिल्यापासून," मी म्हटलं. एवढं मोठ्याने की दारातली दोन मुलं मागे फिरली. बाईंनी भिंग उचललं, आणि ते उलटं धरून त्या कितीतरी वेळ समोरचं वर्तमानपत्र बघत होत्या.

बुधवार, ६ सप्टेंबर

आठवडाभर बाई कामापुरतंच बोलतायत. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "कशाची?" सरांसारखंच.

आईला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या घराचं गाठोडं दोन वर्षं आलं नाही. त्यांची गाठ विसरले का मी?"

"नाही."

"जागा अडते का माझी?"

मी टेबलाकडे बघितलं. मग उठून धाकट्या रीडरकडे बघितलं. मग एकदम लक्षात आलं की सभेत काय बोलायचं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

सभा झाली. क्रमाने लिहिते.

कागद टेबलावर ठेवला आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मग मी फीड रीडरबद्दल बोलायचं सोडून बाईंच्या सकाळच्या टेबलाबद्दलच बोलले. पहिली ओळ, शेवटची ओळ, ठेव, जाऊ दे. म्हटलं, हा रीडर म्हणजे तेच टेबल आहे, फक्त वर्तमानपत्रं जगभरातून येतात. जो रीडर आपल्या वतीने निवड करतो तो आपल्याला नको, कारण निवडणं हेच आपलं काम आहे. १,८४७ चा किस्साही सांगितला. लोक हसले. मला वाटलं होतं, लाज वाटेल. नाही वाटली.

मग अध्यक्ष म्हणाले, "दहा सांगितले होते. इथे अकरा आहेत. आणि अकरावा तर बंद आहे."

मी म्हटलं, "दहा चालू आहेत. अकरावा काही पाठवत नाही, म्हणून तो कुणाचा एक मिनिटही घेत नाही. पण हा रीडर त्याचं नाव विसरत नाही. ती बाई उद्या लिहिती झाली, तर अकरा शाळांना त्याच सकाळी कळेल. वाट बघायला माणूस ठेवावा लागत नाही. मी धाकटा, म्हणजे हा रीडर, मुख्यतः त्यासाठी निवडला. इतकं चांगलं लिहिणाऱ्या माणसाला आपण यादीतून काढलं, आणि मग तिने लिहिलं आणि आपल्याला कळलंच नाही, असं व्हायला नको. त्यावरून माझी निवड चुकीची ठरत असेल तर ठरू दे."

शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं. बाई मागच्या रांगेत होत्या. मान खाली घालून चष्मा पुसत होत्या, पुसतच राहिल्या. त्यांचं न ऐकल्याचा राग आला असणार.

अपडेट सरांनी विचारलं, "यादीची फाईल मिळेल का? अकराच्या अकरा." आणि सगळ्यात आधी टाळी त्यांनीच वाजवली. मी त्यांच्याबद्दल मनात जे जे आणलं होतं ते परत घेते.

संध्याकाळी सरांनी सांगितलं, जागा मला. पहिलं वर्ष काम बघतील, मग कायम. शिफारसपत्र बाईंनी दिलं होतं, तीन सप्टेंबरलाच. म्हणजे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या त्याच आठवड्यात.

शनिवार, ३० सप्टेंबर

बाईंचा शेवटचा दिवस. भाषणं त्यांनी होऊ दिली नाहीत. मुलांना म्हणाल्या, "परत करायची पुस्तकं आणा, तीच माझी भेट." एकशे चाळीस आली. काही तर सहा-सहा वर्षांपूर्वी हरवलेली, शाळा सोडून गेलेली मुलं घेऊन आली होती. बाईंनी एकेक उलटं धरून झटकलं.

मी त्यांच्या फोनवर धाकटा बसवून दिला. अक्षर सगळ्यात मोठं, वाचून दाखवायचं बटण वर. यादी घालताना विचारलं, "अकराही घालू?"

"दहा घाल. ते कपाट नको."

मी दहाच घातले. शेवटच्या दिवशी कुठे वाद घालायचा! मग त्यांना फोनवर बोलून कसं लिहायचं तेही दाखवलं. आपण बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. त्यांनी तीनदा करून बघितलं. "म्हणजे बघायला लागतच नाही?" असं दोनदा विचारलं.

जाताना पत्र्याचा डबा माझ्या खणात ठेवून गेल्या.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सकाळी सव्वाआठला ग्रंथालय उघडलं, वर्तमानपत्रं लावली, रीडर उघडला. कालचं सगळं आटोपलेलं होतं. न वाचलेलं: एक.

मागचं कपाट.

तीनदा डोळे चोळले. मथळा "परवानगी", वेळ आठ वाजून सात मिनिटं. उभ्या उभ्याच बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, ती लिहिती झाली! तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे, पण ऐका."

"वाच बघू," बाई म्हणाल्या.

मी वाचायला लागले. "ऑगस्टमध्ये एका ग्रंथपाल मुलीचं पत्र आलं. तुमचा ब्लॉग आमच्या यादीत घेऊ का, असं तिने विचारलं होतं. बंद पडलेल्या दाराशी उभं राहून आत येऊ का म्हणणारी ती पहिलीच. ते पत्र मी यंत्राकडून वाचून घेतलं, चारदा. उत्तर द्यायला उशीर झाला. हल्ली अक्षरं मधोमध पुसल्यासारखी दिसतात, आणि ज्याला अक्षर दिसत नाही त्याने लिहू नये, असा माझा एक मूर्ख समज होता. पण कपाट बंद केलेलं नव्हतं..."

इथे मी थांबले. मागे जाऊन "मधोमध" हा शब्द पुन्हा बघितला.

"नुसती किल्ली सापडत नव्हती," फोनमधून बाई म्हणाल्या.

मी पडद्यावर बघितलं. तिथे तेच होतं, शब्द न् शब्द. लिहून अठरा मिनिटं झाली होती. बाईंच्या यादीत तो ब्लॉग मी घातलेला नाही, त्यांनीच नको म्हटलं होतं.

मग बाई म्हणाल्या, "मुंगे, घंटा झाली वाटतं तुमची."

घंटा झाली नव्हती. मी म्हटलं, "हो बाई." त्या म्हणाल्या, "मग जा," आणि तरी फोन ठेवेनात. मीही ठेवला नाही. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली तेव्हा कुठे ठेवला.

शेवटची ओळ नंतर एकटीने वाचली: "परवानगी आहे."

वाचलं की धाकटा तो मजकूर फिकट करतो आणि खाली सरकवतो. पण त्यात आणखी एक बटण आहे, आजवर मला त्याची गरज पडली नव्हती: "न वाचले अशी खूण करा." ते दाबलं. ठळक झालं, वर जाऊन बसलं. न वाचलेलं: एक.

हे खरं नाही. आतापर्यंत पाच वेळा वाचलंय. सहीनिशी लिहून देते की माझ्या कामातली ही पहिली खोटी नोंद आहे, आणि ती मी दुरुस्त करणार नाही.